गाळलेली गोकुळाष्टमी

बंगळूरच्या मराठी मंडळींत चित्रपटांची गोष्ट निघाली, की दोन नावे हटकून पुढे येतात. एक 'शोले'चे आणि दुसरे 'अ पॅसेज टू इंडिया'चे. म्हैसूरच्या रस्त्याने जाताना रामनगरच्या उघड्या खडकांकडे बोट करून पाहुण्याला सांगितले जाते, की हाच तो गब्बरसिंगाचा मुलूख. आणि पाहुणा थोडाफार वाचणारा असला, तर डेव्हिड लीन यांच्या मराबार गुहाही याच परिसरातल्या, अशी पुस्ती जोडली जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीविषयी आमची तक्रार नाही. १९७५ सालच्या 'शोले'ने आपण कोणा कादंबरीशी इमान राखतो आहोत, असा दावा केला नव्हता. दुसरीविषयी मात्र आमचे भांडण आहे. १९८४ साली पडद्यावर आलेला हा चित्रपट विसाव्या शतकातील एका थोर इंग्रजी कादंबरीवर आधारलेला आहे. तो आपल्या शहरात व आसपास घडला, याचा अभिमान आपण मिरवतो. आणि तो घडत असताना आपलाच एक माणूस त्यातून कापला गेला, याची दाद ना फिर्याद!

हा माणूस म्हणजे प्राध्यापक नारायण गोडबोले.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. ई. एम. फॉर्स्टर यांची ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. तिचे तीन भाग आहेत: मशीद, गुहा आणि देऊळ. पहिले दोन भाग चंद्रपूर नावाच्या कल्पित गावी घडतात. हे विदर्भातले चंद्रपूर नव्हे. पाटण्याजवळच्या बांकीपूरवरून ते रचलेले आहे. डॉक्टर अझीझ हा तेथला मुसलमान डॉक्टर. नुकत्याच विलायतेहून आलेल्या मिसेस मूर आणि मिस क्वेस्टेड यांना तो मराबारच्या गुहा दाखवायला नेतो. गुहेत काही विपरीत घडल्याचा भास मिस क्वेस्टेडला होतो, अझीझवर खटला भरला जातो, आणि ऐन साक्षीच्या वेळी ती आपला आरोप मागे घेते. कथानक म्हणून सर्वांना ठाऊक असते ते एवढेच. परंतु फॉर्स्टर येथे थांबले नाहीत. तिसऱ्या भागात ते वाचकाला शेकडो मैल पश्चिमेला, मऊ नावाच्या एका हिंदू संस्थानात घेऊन जातात. तेथे गोकुळाष्टमीची रात्र आहे, राजवाड्यात कृष्णजन्माचा सोहळा चालू आहे, आणि त्या सोहळ्यात भजनाचा म्होरक्या म्हणून उभे आहेत ते गोडबोले. भजनात नाव घुमते आहे ते तुकारामांचे.

इंग्रजी कादंबरीत तुकोबा कोठून आले, याचे उत्तर देवासमध्ये आहे. देवास म्हटले की आज आपल्याला कुमार गंधर्व आठवतात. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला हा गायक १९४८ साली प्रकृतीसाठी तेथे गेला आणि तेथलाच झाला. त्याच्याही सत्तावीस वर्षे आधी, १९२१ साली, फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून तेथे राहिले होते. नेमणूक तात्पुरती, कायमच्या माणसाच्या रजेच्या काळातली. अशा नेमणुकीचे सुखदुःख या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. माळव्यात राहून मराठी रीत जपणारा हा दरबार, आणि स्वतः महाराज वृत्तीने भक्त. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीत फॉर्स्टर अनवाणी सामील झाले, गुलालाने माखले, महाराजांना देवापुढे नाचताना त्यांनी पाहिले. आणि जे पाहिले ते पत्रांतून घरी कळवले. ती पत्रे पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात छापली गेली. १९१३ च्या सुमारास आरंभलेली आणि मध्येच अडलेली कादंबरी या वास्तव्यानंतर पुरी झाली. तिचा तिसरा भाग हा, थोडक्यात सांगायचे तर, माळव्यातल्या एका मराठी घरच्या उत्सवाचे देणे आहे.

गोडबोले हेही अशाच एका परमुलखातल्या मराठी माणसाचे चित्र आहे. ते दक्षिणी ब्राह्मण. गोरा वर्ण, राखाडी-निळे डोळे, पोशाखात पूर्व आणि पश्चिम यांचा नीटस मेळ. कोकणस्थांची वर्णने आपल्या साहित्यात पुष्कळ आहेत, पण एका परक्याने इतक्या नेमकेपणाने केलेले दुसरे आम्हांला ठाऊक नाही. ते सरकारी कॉलेजात शिकवतात. चहाच्या मेजवानीला येतात, पण आपला चहा जरा बाजूला बसून घेतात. कोणी खोदून विचारले तर उत्तर देतात, पण विचारलेल्या गोष्टीचे नव्हे. पूजेला किती वेळ लागेल याचा अंदाज चुकल्यामुळे मराबारची गाडी चुकवतात. पुढे एका संस्थानात शाळा काढायला म्हणून जातात, शिक्षणमंत्री होतात. आणि त्यांच्या त्या शाळेचे अखेर धान्याचे कोठार होते! परक्या मुलखात नोकरी करणाऱ्या, सर्वांशी सभ्यतेने वागून कोणालाही आत न घेणाऱ्या, हातून फारसे काही न घडवणाऱ्या आणि तरीही आत काहीतरी शाबूत राखणाऱ्या अशा माणसांना आपण प्रत्येक कचेरीत पाहिलेले आहे. जगाच्या वाङ्मयात बदलीच्या गावचा मराठी माणूस हा असा आला.

आता चित्रपटाकडे वळू. फॉर्स्टर हयात होते तोवर त्यांनी या कादंबरीचा चित्रपट होऊ दिला नाही. संथा रामा राव यांनी केलेले नाट्यरूपांतर मात्र त्यांनी मान्य केले होते; ते १९६० साली इंग्लंडमध्ये आणि १९६२ साली ब्रॉडवेवर रंगभूमीवर आले. १९७० साली फॉर्स्टर वारले. पुढे हक्क मोकळे झाले आणि काम डेव्हिड लीन यांच्याकडे आले. लीन हे कादंबऱ्यांवरून चित्रपट करण्यात मुरलेले. डिकन्सच्या दोन कादंबऱ्या, पास्तरनाकची 'डॉक्टर झिवागो', हे सारे त्यांच्या हातून झालेले. चौदा वर्षांच्या खंडानंतर ते या चित्रपटाकडे वळले होते. बंगळूरच्या राजवाड्याच्या आवारात चंद्रपूर उभे राहिले; सावनदुर्ग आणि रामदेवरबेट्ट येथल्या खडकांनी मराबारचे सोंग घेतले; गुहांकडे जाणाऱ्या गाडीसाठी निलगिरीची डोंगरी रेल्वे कामी आली. पटकथा लीन यांची, दिग्दर्शन लीन यांचे आणि संकलनही लीन यांचेच. तेव्हा जे राहिले त्याचे श्रेय आणि जे गळले त्याचा दोष, दोहोंसाठी दुसऱ्या कोणाचे दार ठोठावण्याचे कारण नाही.

जे राहिले ते थोडे नाही. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांची मिसेस मूर पाहिल्यावर दुसरी कल्पनेतही येत नाही. त्यांना मिळालेले ऑस्कर पारितोषिक यथायोग्यच होते. व्हिक्टर बॅनर्जी यांचा अझीझ उतावळा, प्रेमळ आणि दुखावलेला, जसा हवा तसा आहे. खडकाच्या त्या अजस्र अंगावर माणसे मुंगीएवढी दिसू लागतात तेव्हा जी धास्ती वाटते, ती कादंबरीतलीच आहे. हे सारे मान्य करूनच आम्ही म्हणतो, की सुमारे पावणेतीन तासांच्या या चित्रपटाने कादंबरीचे दोन भाग घेतले आणि तिसरा टाकून दिला.

कारण मऊ नाही, राजवाडा नाही, कृष्णजन्माची ती रात्र नाही, तुकोबांचे नाव नाही. कादंबरीच्या शेवटी उत्सवाच्या गर्दीत तळ्यावर दोन होड्या एकमेकींवर आदळतात. अझीझ, फील्डिंग, मिसेस मूरची मुले, सगळी पाण्यात पडतात, आणि जे मन वळवून वळले नव्हते ते त्या फजितीत निवळते. तेही नाही. त्याऐवजी आपल्याला काश्मीर दाखवले जाते: बर्फाच्छादित शिखरे, स्वच्छ हवा, आणि दोन मित्रांचे गोड मनोमीलन. फॉर्स्टर यांनी अझीझ आणि फील्डिंग यांची मैत्री जुळता जुळता अडवून धरली. राज्यकर्ता आणि रयत यांच्यात ती तेव्हा आणि तेथे होऊच शकत नाही, असा त्यांचा निर्णय होता. कादंबरीकाराने इंग्रजांवर जरा अन्यायच केला, अशा आशयाचे मत लीन मुलाखतींतून बोलून दाखवीत. त्या मताचा हा परिणाम. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर तीन भागांच्या फाइलीतून ज्या भागावर निर्णय लिहिलेला होता तोच काढून घेतला, आणि पहिल्या दोन भागांच्या आधारे नवा, साहेबांना रुचेल असा शेरा मारून फाइल वर पाठवली.

यावर आमचे मित्र तीन-चार आक्षेप घेतात. त्यांचा परामर्श घेतल्याविना पुढे जाणे न्याय्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की चित्रपट आणि कादंबरी ही निराळी माध्यमे आहेत; काटछाट अपरिहार्य आहे. खरे आहे. काटछाटीला आमची हरकत नाही. काय कापले याला आहे. कादंबरीच्या पहिल्या भागात गोडबोले एक पद गातात. त्यात गोपी कृष्णाला 'ये' म्हणून विनवते आणि तो येत नाही. मिसेस मूर भाबडेपणाने विचारतात, दुसऱ्या एखाद्या पदात तरी तो येत असेल? नाही, असे त्यांना उत्तर मिळते. दुसऱ्या भागात गुहेतला प्रतिध्वनी येतो. तो प्रार्थना आणि शिवी, प्रेम आणि द्वेष या साऱ्यांचा एकच निरर्थक घुमार करून टाकतो. त्याने मिसेस मूर यांची श्रद्धा मोडते. तिसऱ्या भागात देव येतो. गोंधळात, बेसूर वाद्यांत, गर्दीत आणि चिखलात येतो, पण येतो. त्या रात्री गोडबोले यांना मिसेस मूर आठवतात, एक गांधीलमाशी आठवते. दोघींना ते आपल्या प्रेमात सामावून घेतात. मग जिच्यावर ती माशी बसली होती त्या दगडालाही घेऊ पाहतात, आणि तेथे त्यांचे बळ अपुरे पडते. हे अपुरेपण लेखकाने लपवलेले नाही, म्हणूनच त्या भक्तीवर विश्वास बसतो. गुहेने विचारलेल्या प्रश्नाला संपूर्ण कादंबरीत मिळालेले उत्तर हे एवढेच आहे. ते गाळले की गुहा ही नुसती भयकथा उरते आणि खटला ही नुसती खटल्याची गोष्ट.

दुसरा आक्षेप, की पाश्चात्त्य प्रेक्षकाला भक्ती कळली नसती. हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही पुण्याच्या प्रभात कंपनीची आठवण करून देतो. दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तेथल्या परीक्षकांना मराठी येत होते, असे कोणी म्हणणार नाही. विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा त्यांना पुरला. दूर कशाला, याच कर्नाटकात १९७० साली अनंतमूर्तींच्या कादंबरीवरून 'संस्कार' हा कन्नड चित्रपट निघाला. एका ब्राह्मणाच्या मनातला झगडा एवढेच त्याचे भांडवल. पैसा बेताचा, सेन्सॉरने आरंभी अडवलेला. तरीही कादंबरीचा गाभा त्याने सोडला नाही. पटकथा आणि मुख्य भूमिका गिरीश कर्नाड यांची. ज्या भूमीत हे घडून गेले होते, तेथे येऊन लीन यांच्यासारख्या धनुर्धराचा बाण इतका आखूड पडावा, याला माध्यमाची मर्यादा म्हणणे आम्हांला पटत नाही.

तिसरा आक्षेप गोडबोले यांची भूमिका करणाऱ्या अलेक गिनेस यांच्या बाजूने घेतला जातो. एवढा मोठा नट! मोठा नट खराच. १९५७ सालच्या क्वाय नदीवरील पुलाच्या चित्रपटातले त्यांचे काम कोण विसरेल? परंतु तोंडाला रंग फासून भारतीय होणे ही काही नटाची थोरवी नव्हे. याच चित्रपटात अझीझ भारतीय नटाने केला, हमीदुल्ला सईद जाफरी यांनी केला, अमृतराव वकील रोशन सेठ यांनी केला. मग नेमके गोडबोलेच तेवढे विलायतेहून का आणावे लागले? दोनच वर्षांपूर्वी रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी 'गांधी' चित्रपटात गोखल्यांच्या भूमिकेसाठी डॉ. श्रीराम लागू यांना उभे केले होते, आणि कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी यांनी विलायतेतले पारितोषिक मिळवले होते. नट नव्हते असे म्हणायला तोंड नाही. आमच्या मते खरे कारण असे: अझीझ, हमीदुल्ला, अमृतराव यांच्याकडे चित्रपटाने माणसे म्हणून पाहिले, गोडबोले यांच्याकडे एक चमत्कारिक वस्तू म्हणून. चमत्कारिक वस्तू दाखवायला ओळखीचा जादूगार बरा पडतो. गिनेस यांनी या भूमिकेसाठी शिकून केलेले नृत्यही चित्रित झाले होते म्हणतात, आणि तेही संकलनात गेले. उरला तो गाडी चुकवणारा, कोड्यात बोलणारा, जाणाऱ्या मिसेस मूर यांना फलाटावरून हात जोडणारा एक विक्षिप्त म्हातारा. लोक हसतात, आणि थोडे गूढही वाटून घेतात. भक्ताचा विदूषक करण्याची ही जुनी रीत आहे.

येथे चौथा आणि सर्वांत बिकट आक्षेप उभा राहतो. नीरद चौधुरी यांनी १९५४ सालीच लिहून ठेवले, की मूळ कादंबरीतले गोडबोलेही विदूषकच आहेत. मग लीन यांचे काय चुकले? चौधुरी यांच्या विद्वत्तेपुढे आम्ही कारकुनांनी काय बोलावे! पण त्यांनी गोडबोले यांच्याकडून हिंदू धर्माचे प्रवक्तेपण मागितले, आणि ते मिळाले नाही म्हणून त्यांना विदूषक ठरवले, असे आम्हांला नम्रपणे वाटते. गोडबोले प्रवक्ते नाहीतच. ते भजन म्हणणारे एक मास्तर आहेत. फॉर्स्टर त्यांना हसतात, पण आधी हसून मग त्यांच्याच हाती कादंबरीची किल्ली देतात. आपल्या कीर्तनकारांना ही रीत परकी नाही. श्रोत्यांना पोट धरून हसवल्यावरच ते त्यांना रडवतात. लीन यांनी हसणे ठेवले आणि किल्ली काढून घेतली. दोहोंतला फरक हा आहे.

आता कोणी विचारील, की चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटावर आज एवढा संताप कशाला? याचे उत्तर आपल्यापाशीच आहे. ज्यांना नोकरीनिमित्त मुलूख सोडून राहावे लागते, त्यांच्याविषयी इतरांचे मत दोन-चार ठोकळ्यांत बसलेले असते. मराठी माणूस म्हणजे हिशेबी, तुटक, सोवळा, साहेबाला नकार न देणारा आणि होकारही न देणारा. कचेरीतल्या थट्टेत हे आपण ऐकतो आणि हसून सोडतो. गोडबोले यांच्या रूपाने जगातल्या एका मोठ्या लेखकाने हाच ठोकळा उचलला आणि तो फोडून आतला माणूस दाखवला. तो माणूस एका रात्री स्वतःला विसरून नाचतो आणि परक्या म्हातारीलाही आपल्या देवापर्यंत नेऊ पाहतो. चित्रपटाने तो फोडलेला ठोकळा पुन्हा जोडून ठेवला. कादंबरी शंभरांनी वाचली तर चित्रपट लाखांनी पाहिला. आणि तो जेथे घडला तेथले आपण, खडकांकडे बोट दाखवून धन्य होतो!

यात प्रांताभिमानाचा वास येतो असे कोणास वाटेल, तर तो गैरसमज आहे. देऊळ गळाले त्यात नुकसान एकट्या मराठी माणसाचे झालेले नाही. ज्ञानेश्वरांनी ज्या विठ्ठलाला कानडा म्हटले, त्याची आणि उडुपीच्या कृष्णाची ही भूमी. दहीहंडीचा जल्लोष कर्नाटकाला नवा नाही, पुरंदरदासांची पदे येथे घरोघर आहेत. मऊची रात्र उभी करायला याहून योग्य प्रांत मिळणे अवघड होते. त्या प्रांताकडून चित्रपटाने खडक तेवढे घेतले. तेथल्या माणसांच्या कंठात जे होते ते घेतले नाही.

गेलेले रीळ परत जोडता येत नाही, हे आम्हीही जाणतो. पण एक गोष्ट आपल्या हातची आहे. परमुलखातल्या मराठी मंडळांत अधूनमधून जुने चित्रपट दाखवले जातात, त्यांत हाही असतो. तो जरूर दाखवावा. त्यातील गुणांना टाळ्याही द्याव्यात. मात्र काश्मीरचा बर्फ दिसून पडदा कोरा झाला की लोकांना चहाला सोडू नये. दिवे लावावेत, आणि कोणा जाणत्याने कादंबरीचा तिसरा भाग, निदान त्यातले पहिले प्रकरण, मराठीत करून वाचून दाखवावे. अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. मग ज्याला सावनदुर्ग दाखवायला पाहुणे न्यायचे असतील त्याने खुशाल न्यावेत. फक्त तेथे पोचल्यावर एवढे अवश्य सांगावे, की या गुहांच्या गोष्टीचा शेवट येथे नाही, तो देवासच्या एका मराठी दरबारातल्या गोकुळाष्टमीत आहे, आणि चित्रपटात तो सापडणार नाही.